झडतीवाली

गावात मला सगळे अंगणवाडीच्या बाई म्हणून ओळखतात. त्याआधी मी काय करत होते हे आता कुणाच्या फारसं लक्षात नाही, आणि मीही आपणहून कधी सांगत नाही. लग्नाच्या चौथ्या वर्षी मी सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये झडतीवाली होते. संध्याकाळी काम सुटलं की फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत एकेका बाईला घ्यायचं आणि तिने अंगात कापूस लपवला नाही ना, हे हाताने चाचपून बघायचं. तेवढंच काम. दोन हंगाम केलं, त्यातला दुसरा अर्धाच.

माझा नवरा त्या जिनिंगचा दरवान. फाटकाला लागून आम्हाला एक खोली दिलेली होती, तिथे आम्ही दोघं आणि सासू राहायचो. माझ्या आधी झडतीला एक म्हातारी होती. तिचा उजवा हात लुळा पडला. बायांच्या अंगाला पुरुषाने हात लावायचा नाही, एवढी रीत जिनिंगमध्ये पाळली जायची, म्हणून मॅनेजर साहेबांनी नवऱ्याला विचारलं, तुझी बायको घरीच असते ना? मी चारठाण्याजवळच्या एका धनगराची पोर, सातवी शिकलेली. मला खरं तर बरंच वाटलं. चार वर्षांत पाळणा हलला नव्हता, आणि दिवसभर सासूसमोर बसण्यापेक्षा कुठलंही काम मला चाललं असतं.

दिवाळीनंतर हंगाम सुरू व्हायचा. चाळीसेक बाया होत्या. काही जणी जिनला, म्हणजे सरकी काढायच्या यंत्राला, कापूस लावायच्या, काही जणी काडीकचरा वेचायच्या. आत रुईचा बारीक भुगा सतत उडत असायचा, त्यामुळे भोंगा झाल्यावर रांगेत उभ्या राहिलेल्या बाया सगळ्या पांढऱ्या दिसायच्या. भुवया, पापण्या, ओठावरची लव, सगळं पांढरं. वीस वर्षांची पोरगीसुद्धा साठीची वाटायची. मग त्यांतली एकेक गोणपाटाचा पडदा बाजूला करून माझ्यासमोर यायची.

म्हातारीने मला शिकवलं होतं. आधी अंबाडा, मग काखा, चोळीच्या गाठीखाली, पाठ, मग ओचा, कंबर, निऱ्या. फार काही सापडायचं नाही. कुणाच्या ओच्यात वातींपुरता कापूस, कुणाच्या कमरेला अडचणीच्या दिवसांसाठी घेतलेला. तो मी सुरुवातीला काढून ठेवायचे, नंतर न दिसल्यासारखं करायला लागले. पण हाताला कापसाखेरीज दुसरंच पुष्कळ लागायचं. कुणाच्या पाठीवर काठीचे वळ. कुणाच्या काखेत गाठ. महिन्यातून कोण कधी अडचणीत असते, कुणाचा नवरा हात उचलतो, कोण दिवसाला एकाच भाकरीवर राहते, हे चाळीस बायांचं मला तोंडपाठ झालं. मी कुणाला विचारलेलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलेलं नव्हतं.

त्यांतल्या निम्म्याहून जास्त बौद्धवाड्यातल्या. त्यांच्या हातचं पाणी आमच्या घरात चालत नव्हतं. झडती संपली की सासू मला अंघोळ करायला लावायची आणि लुगडं वेगळं वाळत घालायला लावायची. मीही घालत होते. त्यात काही विचित्र आहे असं तेव्हा मनात आलं नाही.

पेडगावकरीण त्यांच्यातलीच. तिचं माहेर पेडगाव, म्हणून सगळ्या तिला तसं म्हणायच्या. मी आक्का म्हणायचे. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगावचे बौद्धवाडे पेटले होते, तेव्हा सासरच्या गावी तिचं घर जळालं. त्याला चार-पाच वर्षं झाली होती. अंगावरच्या कपड्यांनिशी नवरा-बायको सेलूला आले. तो रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करायचा आणि ही जिनला. हे तिने मला सांगितलं तेही झडतीतच, हात वर करून उभी असताना, दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसं. दोन पोरं पोटातच गेली हेही असंच सांगितलं.

बाकीच्या बाया पडद्याआड आल्या की मान फिरवून पत्र्याकडे बघायच्या. ही एकटी माझ्याकडे बघायची. "घे माय, बघ," म्हणून आपणहून हात वर करायची आणि बोलत राहायची. मुकादम कसा चालतो त्याची नक्कल करायची. ती आली की माझाही हात हलका व्हायचा. दिवसभरात माझ्याशी मोकळेपणी बोलणारं तेवढंच एक माणूस होतं.

आता माझ्या हाताबद्दल सांगितलं पाहिजे. माझा बाप मेंढरं राखायचा. मेंढी गाभण आहे की नाही हे पोटाखाली हात घालून ओळखायचं असतं, आणि घरात हे माझ्याइतकं कुणाला जमत नव्हतं. बाप बाजारात जनावर घ्यायला मला बरोबर न्यायचा. बाईचं पोट म्हणजे मेंढीचं नव्हे, पण हात एकदा तयार झाला की त्याला कळतंच. शिवाय मी रोज त्याच अंगावरून हात फिरवत होते. कमरेची कातडी ताणलेली लागायची, छाती जड झालेली, अडचणीचा कापूस महिना उलटला तरी नसायचा. पहिल्याच महिन्यात मी एका कोवळ्या पोरीला सहज म्हणून गेले, तुला दिवस गेलेत का? ती घाबरून पळाली. महिन्याभराने ते खरं निघालं, आणि माझ्या हाताची गोष्ट बायांतून मुकादमाकडे आणि त्याच्याकडून मॅनेजरपर्यंत गेली.

साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली. आदल्या हंगामात एका गरोदर बाईला मशीनजवळ चक्कर आली होती आणि तिची बोटं गेली होती. सरकारी माणूस चौकशीला आला होता, पुष्कळ त्रास झाला. ते म्हणाले, बाया सांगत नाहीत, काम जाईल म्हणून लपवतात. तुला कळतं. तू हजेरीच्या वहीत त्या बाईच्या नावापुढे नुसतं टिंब द्यायचंस. कुणाला बोलायचं नाही, त्यांच्याच भल्याचं आहे.

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मला अभिमान वाटला. मला जे येत होतं त्याची किंमत बापानंतर पहिल्यांदाच कुणीतरी केली होती.

मी तीन टिंबं दिली. तिघींनाही आठवड्याच्या आत, आता माल कमी झालाय, नको येऊस, असं सांगून काढलं. नेमकं त्यांनाच का, हे तिघींपैकी कुणी विचारलं नाही. कामावरून काढताना कारण सांगतात हे आमच्याकडे कुणाला माहीत नव्हतं. त्या कुठे गेल्या, काय करतात, याचा मी विचार केला नाही. बोटं शाबूत राहिली ना, एवढं मनाशी म्हणाले.

चौथी पेडगावकरीण.

माझा हात तिच्या कमरेवर आला आणि थांबला. तिला ते लगेच समजलं. तिने आवाज खाली आणला. "कोनाला बोलू नको माय. घरधन्याला बी आजूक सांगितलं न्हाई. दोन येळा सांगून बसले, दोन्ही येळा गेलं."

मी मान हलवली. त्या दिवशी टिंब दिलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. अकरा दिवस दिलं नाही. रोज ती यायची, हात वर करायची, आणि माझा हात पोटाजवळ आला की क्षणभर बोलायची थांबायची. मी हळूच हात फिरवायचे. ठीक आहे, असं म्हणायचे. तिला बरं वाटायचं. मलाही.

बाराव्या दिवशी दुपारी जिनजवळ एक बाई कोसळली. तिला काही झालं नाही, उपाशी होती, पाणी मारल्यावर उठून बसली. त्याच सकाळी सासूने नवऱ्यासमोर दुसऱ्या लग्नाची गोष्ट काढली होती आणि नवरा नाही म्हणाला नव्हता. संध्याकाळी पेडगावकरीण आली. माझं तोंड बघून तिने विचारलं, काय झालं. मी काही नाही म्हणाले. तिने माझ्या गालाला हात लावला.

"तुला बी व्हईल," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी वही उघडली आणि तिच्या नावापुढे टिंब दिलं.

दुपारी बाई पडली म्हणून दिलं, हिची बोटं जाऊ नयेत म्हणून दिलं, असं मी पुढे स्वतःला फार वेळा सांगितलं. ते खोटं नाही. पण टिंब देताना मला ती पडलेली बाई दिसत नव्हती. गालावर पेडगावकरणीची रुईने भरलेली बोटं लागली होती तेवढी जागा खाजत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या वेळी मी नळावर भांडी घासत होते. मुकादमाने तिला बाजूला काढलं आणि नेहमीचं सांगितलं, माल कमी आहे. इतर तिघींसारखी ती गेली नाही. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागलीय, ती म्हणाली, मग माल कमी कसा? तिने तीन वेळा विचारलं. मुकादम चिडला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "पोटुशा बायाला मशीनवर ठिवायचं न्हाई, साहेबाचा हुकूम हाय."

जिन अजून सुरू झाले नव्हते, त्यामुळे प्रत्येकीला ऐकू गेलं. मागाहून सेलूला आलेला तिचा दीर बैलगाडी रिकामी करत होता, त्यालाही.

"कोन सांगितलं?" तिने विचारलं. मुकादमाने हजेरीची वही मिटली. तिने खाली आपल्या पोटाकडे पाहिलं, पदर घट्ट लपेटला आणि मग मान वळवून नळाकडे पाहिलं. तिच्याबरोबर सगळ्यांनीच पाहिलं. मी हातातलं पातेलं घासत राहिले. ते केव्हाच लख्ख झालं होतं. पुन्हा वर बघितलं तेव्हा ती फाटकाबाहेर गेली होती.

तिला दुसरीकडे बसून करायचं काम मिळालं नाही. देवगाव फाट्याकडे रोजगार हमीचा रस्ता चालू होता, तिथे ती खडी फोडायला जायला लागली. शिवरात्रीच्या सुमारास एका बाईने झडती देताना माझ्याकडे न बघता सांगितलं, पेडगावकरणीचं पोट पडलं. मी तिच्या निऱ्या चाचपत होते. तशीच चाचपत राहिले, आणि मग तिला म्हणाले, जा.

त्यानंतर त्या खोलीत कुणी बोललं नाही. बाया आत यायच्या, हात वर करायच्या आणि श्वास ओढून पोट आत घ्यायच्या. सगळ्या. पन्नाशी ओलांडलेल्याही. लहान पोरीही. मी हात फिरवीपर्यंत श्वास धरायच्या आणि पडदा सरकवता सरकवता सोडायच्या. चाळीस जणींचा तो श्वास सोडल्याचा आवाज मला दिवसा कुठेही ऐकू यायला लागला. पीठ मळताना यायचा. चूल फुंकताना यायचा. मी फुंकणी खाली ठेवून मागे बघायचे. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा आईने माझा हात धरून तिच्या पोटावर ठेवायला बघितलं, पोरगा का पोरगी सांग म्हणाली. मी हात सोडवून घेतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. टिंब मी पुन्हा एकही दिलं नाही, पण हे कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विश्वासही ठेवला नसता.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर मला दिवस गेले.

मी कुणाला सांगितलं नाही. सासूला नाही, आईला नाही. नवरा साहेबांचा माणूस, म्हणून त्यालाही नाही. झडतीवालीची झडती कुणी घेत नव्हतं. मी पदर पुढे घेऊन पडद्याआड उभी राहायचे. माझा हात स्वतःच्या पोटावर गेला की मी तो काढून घ्यायचे.

त्या वर्षी कापूस फार आला आणि हात कमी पडले, म्हणून मुकादमाने जुन्या सगळ्या बायांना बोलावलं. पहिल्या संध्याकाळी पडदा सरकला आणि समोर पेडगावकरीण. ती वाळली होती. भुवयांवर रुई होती. तिने हात वर केले नाहीत. माझा उजवा हात मनगटाला धरून ओढला आणि आपल्या पोटावर दाबून ठेवला.

"बघ नीट. हाय का काही?"

ती थांबून राहिली.

"न्हाई," मी म्हणाले.

"लिहून ठिव मंग."

तिने हात सोडला. जायला वळली आणि पडद्याशी थांबून तिने मला पायापासून वर बघितलं. नजर माझ्या पदरावर आली. तिथे ती बराच वेळ राहिली.

"कितवा चालू हाय?"

तिला कसं कळलं हे विचारायचा धीर नव्हता, पण तिनेच सांगितलं. "पदर सारका पुढं वढायलीस," ती म्हणाली. मग पडदा उचलत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी कोनाला सांगनार न्हाई."

आणि तिने खरंच सांगितलं नाही. ती रोज रांगेत असायची, मला रोज दिसायची, आणि दीड महिना उलटला तरी कुणाच्या तोंडून एक शब्द आला नाही. तिने सांगितलं असतं तर मला सोसणं सोपं गेलं असतं असं वाटतं.

मी हात लावणं बंद केलं. बाई आत आली की मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे, मनात वीस मोजायचे आणि जा म्हणायचे. बायांनी पहिले दोन-तीन दिवस तरीही श्वास धरला. मग त्या नुसत्याच उभ्या राहायला लागल्या. बोलत मात्र कुणी नव्हतं.

साहेबांना संशय आला असावा. एका संध्याकाळी त्यांनी मुकादमाच्या मेहुणीच्या ओच्यात कापूस देऊन तिला माझ्याकडे पाठवलं. मी वीस मोजले आणि तिला सोडलं. दहा मिनिटांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर तो कापूस ठेवलेला होता. नवऱ्यालाही बोलावलेलं होतं. तो दाराशी टोपी हातात घेऊन उभा. साहेब रागावले नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं, किती दिवसांपासून झडती घेत नाहीस? मग म्हणाले, टिंब पण वर्षभरात एक नाही, एवढ्या बायांत एकही गरोदर नाही असं कसं?

मी सांगितलं, "एक हाय साहेब. मीच. मला काढा."

साहेबांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. पाच वर्षं ज्याची वाट बघितली ते त्याला मॅनेजरच्या ऑफिसात, टेबलावरच्या कापसासमोर कळलं. साहेबांनी कागद हलवले आणि जा म्हणाले. नवऱ्याची नोकरी राहिली, माझी गेली. खोलीवर आल्यावर त्याने एवढंच विचारलं, मला का सांगितलं नाहीस? तुम्ही कुणाला सांगाल याची भीती वाटली, हे मी त्याला कसं म्हणणार? तो त्या दिवशी जेवला नाही. पुढे त्याने कधी हा विषय काढला नाही, पण आमच्यात ते कायम राहिलं.

मुलगी झाली. तीन महिन्यांची झाल्यावर एका दुपारी सासू बाजारात गेलेली बघून मी तिला कडेवर घेतलं आणि बौद्धवाड्यात गेले. पेडगावकरीण दारात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून तिने सूप बाजूला ठेवलं, घोंगडी टाकली आणि तांब्या भरून आणला. मी प्याले. तिला ते नवल वाटलं की नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. मी मुलीला तिच्यापुढे धरलं. तिने हात पुढे केले नाहीत.

"दूरच धर," ती म्हणाली. "मपली नजर लागंल." टोचून बोलली नाही, तिला तसंच वाटत होतं.

आम्ही दोघी बसलो. येताना मी मनात पुष्कळ जुळवलं होतं. शेवटी मी नुसतं विचारलं, "आक्का, माझ्यामुळं गेलं का?"

तिने सूप जवळ ओढलं आणि तांदूळ बोटाने इकडचे तिकडे केले.

"मला काय म्हाईत," ती म्हणाली. "पयले दोन गेले तवा मी घरातच व्हते. कोनी काढलं नव्हतं मला, खडी फोडली नव्हती. तरी बी गेले." एक खडा वेचून बाहेर टाकला. "ह्या येळेला मातर राहील आसं वाटायलतं."

मुलगी रडायला लागली. पेडगावकरीण उठली, तिने सूप उचललं आणि मला म्हणाली की आता नीघ, पोरीला ऊन लागंल.

वर्षाच्या आत ते दोघं नांदेडकडे कुठेतरी गेले. कुठे, हे वाड्यात कुणी मला सांगितलं नाही. मला नंतर दोन मुलगे झाले. दोन्ही वेळा पाचवा महिना उलटेपर्यंत मी घरात कुणाला कळू दिलं नाही. सासू चिडायची. नवरा उठून फाटकाकडे जायचा.